तालुक्याच्या गावात खुलं कलाप्रदर्शन : दार उघडं ठेवायचं, तर उंबरा कुठं?

प्रश्न असा आला आहे : "आमच्या तालुक्याच्या गावात कापसाच्या जिनिंगची बंद पडलेली शेड महिनाभर वापरायला मिळते आहे. तिथं समकालीन कलेचं खुलं प्रदर्शन भरवायचं मनात आहे. कुणीही काम आणून द्यावं, निवड समिती नको. मी शाळेत चित्रकला शिकवतो, सोबत सात-आठ माजी विद्यार्थी आहेत. लोक येतील का? आणि काय काय बिघडू शकतं?"

सर, लोक येतील. ती काळजी आत्ताच सोडून द्या. गणपतीत हलता देखावा बघायला तासभर रांगेत उभी राहणारी माणसं तुमच्याच गावची आहेत. दिवाळीत शाळेच्या वर्गात रांगोळ्यांचं प्रदर्शन असलं की आजी नातवाला कडेवर घेऊन येते आणि "ही रांगोळी का फोटो?" म्हणून वाकून वाकून बघते. कुणीतरी मुद्दाम रचलेली गोष्ट चालत जाऊन बघायची, तिच्यावर मत द्यायचं, कुणाची चांगली झाली यावरून घरी जाईपर्यंत वाद घालायचा, ही सवय आपल्या गावांना आहे. मोठ्या शहरातल्या गॅलरीत मी दुपारी तीन-तीन तास एकटा बसलो आहे. तालुक्याच्या गावात असं एकदाही झालेलं नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. गेली 22 वर्षं मी प्रदर्शनांची मांडणी करतो, त्यातली निम्मी लहान गावांत. माझ्या अनुभवात खुल्या प्रदर्शनाचं भलंबुरं ठरतं ते कामं स्वीकारायच्या टेबलावर. तिथं कोण बसलंय आणि काय बोलतंय, यावर.

एक प्रसंग सांगतो. कांद्याच्या पट्ट्यातलं गाव होतं. आम्ही पत्रकावर ठळक छापलं होतं, "कुणीही, काहीही." स्वीकारायच्या दुसऱ्या दिवशी एक शेतकरी प्लायच्या फळीवर कांदापट्ट्या, म्हणजे कांदा विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावत्या, चिकटवून घेऊन आला. तारखेनुसार लावलेल्या. वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि खाली हातात आलेली रक्कम. शेवटच्या पट्टीवर ती रक्कम उणे होती, म्हणजे माल विकून वर त्यानंच पैसे द्यायचे. टेबलावरचा मुलगा भला होता, जीडी आर्ट ही कलेची पदविका करत होता. तो म्हणाला, "काका, हे चित्र नाहीये." काका फळी उचलून निघून गेले, भांडलेसुद्धा नाहीत. मला संध्याकाळी कळलं. रात्री मोटरसायकल काढून त्यांच्या वस्तीवर गेलो, चहा प्यायलो, माफी मागितली आणि फळी घेऊन आलो. पुढचे दहा दिवस त्या फळीसमोर जेवढी माणसं थांबली तेवढी माझ्या आवडत्या चित्रांसमोर थांबली नाहीत. ती वाचत होती, बोटांनी हिशेब करत होती. तुम्हाला समकालीन म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

त्या मुलाची चूक नवी नाही. 1884 मध्ये पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी निवड समिती नको, बक्षिसं नकोत, असं ठरवून स्वतंत्र कलाकारांचं प्रदर्शन सुरू केलं. त्याच धर्तीवर 1917 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका संस्थेनं जाहीर केलं, 6 डॉलर भरा आणि काम मांडा. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँ त्याच संस्थेच्या संचालकांपैकी एक. त्यांनी आर. मट या खोट्या नावानं चिनी मातीचं युरिनल पाठवलं. सहा डॉलर भरलेले, नियमात कुठंही बोट ठेवायला जागा नाही. तरी मंडळानं ते मांडलं नाही आणि द्युशाँ राजीनामा देऊन बाहेर पडले. "कुणीही, काहीही" असं छापण्याआधी तुम्ही आठ जण एकदा बसा आणि एकमेकांना विचारा, आपल्या गावातलं युरिनल कुठलं असेल? ते आलं तर घेणार का? आधी बोललेलं असेल तर टेबलावर गडबड होत नाही.

म्हणून माझा नेम असा. काम चांगलं की वाईट, कला आहे की नाही, यावर टेबलावर कुणी तोंड उघडायचं नाही. पण माप, वजन, टांगायची सोय, तारीख आणि परत न्यायची जबाबदारी यांवर ढिलाई करायची नाही. एका माणसाचं एकच काम. भिंतीवरचं असेल तर रुंदी 3 फुटांपर्यंत. एका माणसाला उचलता आलं पाहिजे. मागे दोन्ही बाजूंना कड्या लावलेल्या हव्यात. जमिनीवर ठेवायचं, छताला लटकवायचं किंवा विजेवर चालणारं काही असेल तर आठ दिवस आधी येऊन जागा बघून जायचं. एवढे नियम सगळ्यांना समजतात आणि सगळ्यांना सारखे लागतात. गावातल्या मोठ्या माणसाच्या मेव्हण्याचं सहा फुटी तैलचित्र आलं की नियमाची किंमत कळते. ते येतंच.

आता अवघड भाग. देवादिकांचं, महापुरुषांचं, जातीचं, नग्न देहाचं, स्थानिक पुढाऱ्याचं काही आलं तर? खुलं म्हणजे खुलं, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. लहान गावात एका चित्रावरून शेड बंद होते आणि बाकीच्या दीडशे जणांची कामं आत अडकतात. मी ज्या तडजोडीपर्यंत आलो आहे ती सांगतो, तुम्हाला पटेलच असं नाही. तीन माणसं ठरवा, त्यात एक बाई हवी आणि एक वकील असला तर उत्तम. त्यांना काम नाकारायचा अधिकार दोनच कारणांनी : कायद्यात बसत नाही, किंवा कुणाला इजा होईल. "लोकांना आवडणार नाही" हे कारण चालणार नाही. नाकारलं तर कारण लेखी द्यायचं. आणि जे चित्र डोक्यात तिडीक उठवेल असं वाटतं, त्याच्या शेजारी काढणाऱ्यानं स्वतः रोज संध्याकाळी दोन तास उभं राहायचं. निम्मे वाद तिथंच मिटतात, कारण समोर आपल्याच गल्लीतली पोरगी उभी असते. पोलीस ठाण्यात आणि नगरपंचायतीत अर्ज आधी द्या, पोच घ्या, शेडमालकाचं संमतिपत्र जोडा.

येणार काय, हेही डोळ्यांसमोर असू द्या. शिवाजी महाराज पेन्सिलीत, मोबाइलमधल्या फोटोवरून काढलेले आईवडील, पाण्यात पडलेलं डोंगराचं प्रतिबिंब, मंडला, वारली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचं स्मरणचित्र जसंच्या तसं, चौकटीत. तुम्ही शिक्षक आहात, तुमच्या ओळखीचाच ढीग. यावर नाक मुरडायचं नाही. पण समकालीन म्हणून बोर्ड लावला आहे तर नुसतं थांबूनही चालणार नाही. मी दोन गोष्टी करतो. काम देताना भरायच्या प्रवेशपत्रावर एक प्रश्न छापतो, "हे काम तुम्ही याच वर्षी का केलं?" दोन ओळी पुरेत. हा प्रश्न वाचून चौघं-पाच जण तरी घरी परत जातात आणि वेगळंच काहीतरी घेऊन येतात. दुसरं, महिनाभर आधी गावात हिंडतो. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मोर आणि कमळ रंगवणारा पेंटर, पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावणारे आजोबा, फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्यांचं काम गेलेला माणूस. पाटीवाल्याला विचारा, पुसलेल्या पाट्यांपैकी कुठली पुन्हा रंगवावीशी वाटते? मी विचारलं तेव्हा एकानं बंद पडलेल्या टॉकीजची पाटी रंगवली, शो टायमिंगसकट. या लोकांना लोककला म्हणून कोपऱ्यात वेगळं टेबल देऊ नका. बाकीच्यांच्या रांगेत, त्याच उंचीवर, तसंच लेबल लावून मांडा.

शेडबद्दल आता थोडं लांबण लावतो, कारण जिनिंगची शेड दिसते मोठी झकास आणि त्रास देते भरपूर.

सगळ्यात आधी रुई. बंद पडून दहा वर्षं झाली असली तरी छताच्या कैच्यांवर, खिडक्यांच्या जाळीवर, जुन्या वायरिंगवर रुईचा धुरळा चिकटलेला असतो. तो कापूसच आहे, ठिणगी पडली की पेट घेतो. ओल्या फडक्यानं आणि लांब काठीच्या झाडूनं वरपासून खालपर्यंत काढून घ्या. जुनं वायरिंग तोडून टाका, वापरू नका. इलेक्ट्रिशियनकडून नवी लाइन ओढून घ्या, तिला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच. हॅलोजन अजिबात नको. मंडपवाला तेच देईल, कारण त्याच्याकडे तेच पडून आहेत. वाळूच्या बादल्या आणि दोन अग्निशामक नळकांडी दाराशी ठेवा. हे वाचताना कंटाळा आला तरी मुलांकडून आधी हेच करून घ्या.

मग पत्रा. दुपारी तो तापला की दुहेरी टेप सुटते. तीन वाजता चित्रं आपोआप खाली येऊ लागली की गावात भुताची बातमी पसरते, हे मी गमतीनं सांगत नाही. टेपवर काहीच टांगू नका. थंडीत उलटं, पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि थेंब पडतात. म्हणून पन्हाळीच्या आणि कैच्यांच्या बरोबर खाली कागदावरचं काही नको. रात्री जाताना पॅनेलवर जुन्या सुती चादरी टाका. प्लास्टिक टाकलंत तर आत वाफ धरून कागद फुगतो. भिंतीला ओल असेल तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. वाळवीचा माग दिसला तर त्या भिंतीला काही लावूच नका. वटवाघळं असतील तर ती बाहेर जातात ती संध्याकाळी, म्हणजे नेमकी तुमच्या गर्दीच्या वेळी. त्यांच्या वाटेखाली मोकळी जागा सोडा.

जुन्या चुन्याच्या भिंतीत खिळा टिकत नाही. पॅनेल करा : 8 बाय 4 फुटांचं 12 मिमी प्लाय, उभं, एकमेकांना काटकोनात बिजागरीनं जोडलेलं, म्हणजे टेकू न लावता उभं राहतं. मंडपवाला बांबूवर पांढरा कपडा ताणून देतो म्हणेल, स्वस्त पडतं. पण वारा आला की अख्खी भिंत हलते आणि चित्रं टकटक वाजतात. प्लाय भाड्यानं मिळतं का ते फर्निचरवाल्याकडे विचारा, महिन्यानं परत देणार म्हटल्यावर बरेच जण तयार होतात. टांगायला जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार. तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, दिसत नाही म्हणून सगळ्यांना आवडतो, पण वजनानं लांबतो आणि रोज सकाळी चित्रं दोन बोटं खाली आलेली असतात. शहरातल्या गॅलऱ्या चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचांवर धरतात. मी गावात 54 वर धरतो. तुमचा निम्मा प्रेक्षक शाळेतला आहे.

दिव्यांसाठी साधे 4000 केल्विनचे, म्हणजे फार पिवळे नाहीत आणि फार निळेही नाहीत असे एलईडी चालतील, चित्राकडे तिरके, वरून साधारण 30 अंशांत. काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसायला लागलं तर दिवा हलवा, चित्र नको. संग्रहालयं कागदावरच्या कामाला 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास आणि तैलरंगाला 200 पर्यंतच उजेड देतात. महिनाभराच्या प्रदर्शनात तेवढं सोवळं पाळायची गरज नाही, पण पत्र्यातल्या पारदर्शक शीटमधून उन्हाचा जो पट्टा फिरतो तो दिवसभर कुठून कुठे जातो हे एका रविवारी खडूनं जमिनीवर आखून ठेवा. तिथं जलरंग नको.

तुम्ही एका कारणासाठी जपानचं उदाहरण लक्षात ठेवा. निगाता प्रांतात एचिगो-त्सुमारी म्हणून डोंगराळ भातशेतीचा भाग आहे, तोकामाची शहर आणि त्सुनान गाव मिळून जवळजवळ 760 चौरस किलोमीटर. हिवाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा बर्फ. तरुण शहरात गेलेले, घरं ओस, शाळा बंद. तिथं 2000 पासून दर तीन वर्षांनी शेतांत, रिकाम्या घरांत, बंद शाळांत समकालीन कला मांडतात. फ्राम कितागावा हे त्यामागचे संचालक. पहिल्याच वेळी इल्या आणि एमिलिया काबाकोव या कलाकार जोडप्याला एका शेतकऱ्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांत माणसांच्या रंगीत आकृत्या उभ्या करायच्या होत्या. शेतकरी आधी नाही म्हणाला. त्याचं शेती सोडून द्यायचं चाललं होतं, त्यात ही नसती भानगड. काबाकोवांचा आराखडा त्यानं पाहिला तेव्हा कळलं की चित्रात आहे ते त्याचंच काम आहे : नांगरणी, लावणी, कापणी. मग तो तयार झाला आणि पुढे काही वर्षं शेतीही करत राहिला.

त्याच तोकामाचीत एका बंद पडलेल्या शाळेत 1982 पासून बिहारकडच्या मिथिला चित्रकलेचं मिथिला संग्रहालय आहे, तोकियो हासेगावा यांनी उभं केलेलं. आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे तिथं राहून चित्रं काढून आले आहेत. आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावात जपानी मंडळींनी पुढाकार घेऊन शाळेच्या भिंतींवर दोन्ही देशांच्या कलाकारांकडून चित्रं काढून घेतली, वर्गांचीच दालनं केली. मला त्या काबाकोवांच्या शेतकऱ्याचं 'नाही' महत्त्वाचं वाटतं. शेडचा मालक, शेजारचा गोदामवाला, समोरचा चहावाला, यांच्याकडे रिकाम्या हातानं "परवानगी द्या" म्हणत जाऊ नका. कच्चा आराखडा कागदावर काढून न्या, त्यांच्या जागेत काय दिसणार आहे ते दाखवा आणि पहिल्यांदा नाही म्हणाले तर आठवड्यानं पुन्हा जा. आमच्या एका शेडमालकानं तिसऱ्या खेपेला स्वतः जिनिंगचा जुना रोलर घासूनपुसून आणून दिला, "हेपण ठेवा" म्हणाला. ठेवला, त्याच्या नावाचं लेबल लावून.

गावात चांगल्या कामाला गिऱ्हाईक नाही असं कुणी म्हणालं तर त्याला औंधला घेऊन जा. साताऱ्यातलं खटाव तालुक्यातलं लहानसं गाव. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय बांधलं. राजा रविवर्मांची मूळ चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं शिल्प तिथं आहे, सहलीच्या एसट्या भरून पोरं येतात.

तारखा : दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. त्यापुढे दहावी-बारावी, मग ऊन, मग लग्नं. गावची जत्रा आणि कापसाची वेचणी सांभाळून. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उघडं, कारण खेड्यापाड्यांतली माणसं त्याच दिवशी येतात आणि शेवटच्या गाडीच्या आधी जातात. इतर दिवशी दुपारी दोन ते चार बायकांसाठी धरा. तशी पाटी लावायची गरज नाही, वेळ तेवढी उघडी ठेवा. सकाळ शाळांची.

उद्घाटन शेडच्या बाहेर करा. आत केलं की फ्लेक्स आत येतो, तो नेमका चांगल्या भिंतीवर लागतो आणि पाहुण्यांचा सत्कार संपेपर्यंत चित्रांकडे सगळ्यांची पाठ असते. दीपप्रज्वलन, दोन भाषणं, अर्ध्या तासात फीत. फीत कापायला मी सहसा प्रदर्शनातल्या सर्वांत वयस्क माणसाला बोलावतो, पुढाऱ्यालाही त्यात नाही म्हणता येत नाही.

लेबलवर नाव, गाव, माध्यम, आणि ती दोन ओळींची "का". अक्षर 24 पॉइंटच्या खाली नको. गावाचं नाव नावाइतकंच ठळक. माणसं आपल्या गावाचं नाव शोधत हिंडतात, आणि ते शोधताना दहा अनोळखी कामांसमोर थांबतात. तुमच्या आठ जणांना एकच गोष्ट शिकवा. "हे काय आहे?" असं कुणी विचारलं तर अर्थ सांगायचा नाही. कशाचं केलंय, कुणी केलंय, किती दिवस लागले, एवढंच सांगायचं आणि मग गप्प बसायचं. पुढचं वाक्य समोरचा बोलतो.

बक्षीस नको. फारच आग्रह झाला तर लोकांचं मतदान तरी नको. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहरात 2009 पासून आर्टप्राइझ नावाचं खुलं प्रदर्शन लोकांच्या मतांवर मोठाल्या रकमा देतं. तिथंही पुढे परीक्षकांची बक्षिसं बरोबरीनं ठेवावी लागली. आपल्याकडे मतदान ठेवलंत तर ज्याची भावकी मोठी तो जिंकणार, निकाल लावायला प्रदर्शन भरवायचीही गरज नाही.

विक्रीत पडू नका. किंमत लेबलवर नको, वहीत असू दे. कुणाला घ्यायचं असेल तर कलाकाराचा फोन लावून द्या, पैसे थेट त्यालाच. काम मांडणाऱ्याकडून प्रवेश शुल्क 50 रुपये घ्या, शाळेच्या मुलांना माफ. पन्नास रुपये दिलेला माणूस काम परत न्यायला येतो, असा माझा समज आहे. पुरता खरा ठरलेला नाही.

कारण परत देणं हेच सर्वांत किचकट. काम घेताना डुप्लिकेट पावती, कामाच्या पाठीमागे नंबराची चिठ्ठी आणि वरची बाजू दाखवणारा बाण, पुढून-मागून मोबाइलवर फोटो, आधीच असलेला ओरखडा किंवा फुटलेला कोपरा पावतीवर लिहून त्यांची सही. विमा परवडत नाही, तसं प्रवेशपत्रावर स्पष्ट छापा. परत न्यायचे दिवस दोन, त्यातला एक बाजाराचा. सत्तर टक्के नेतील, बाकीच्यांना फोन करा. फोन करूनही काही उरतात. आमच्याकडे एकदा शेवटी एकच उरलं : एका आजींनी जुन्या लुगड्यांच्या काठांचं शिवलेलं, दारावर लावायचं तोरण. दिलेला नंबर लागत नव्हता. मी लेबलवरच्या गावी घेऊन गेलो. त्या अंगणात धान्य पाखडत होत्या. तोरण बघून म्हणाल्या, "आणलंस कशाला? पुढच्या वेळी पुन्हा द्यायचंच होतं ना."